प्राणवायूची पाळी

मंडळी, मोटार चालू ठेवून गडी जेवायला घरी गेला, तर आपण त्याला बोलल्याशिवाय राहतो का? २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात हाच हिशोब प्राणवायूला लावला. रोगी जेवायला बसला, संडासला गेला, की मास्क खाली आणि वायू हवेत! म्हणून खास परिचारिका नेमल्या. खाटेखाटेपाशी फिरायचं, रोग्याच्या रक्तातला प्राणवायू तपासायचा, गरजेपुरती चावी सोडायची, रोगी उठला की बंद करायची. त्यांना नावच पडलं 'ऑक्सिजन नर्स'.

तेव्हाचे कलेक्टर राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. त्यांनी २०२० च्या सप्टेंबरातच हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र बसवून घेतलं होतं. हे यंत्र हवेतला नायट्रोजन अडवतं नि प्राणवायू पुढे सोडतं. पुढं ठिकठिकाणी टँकरची वाट बघत माणसं तडफडली, तेव्हा ते कामी आलं. विहीर उन्हाळ्याआधीच खणलेली बरी, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दांडीकरांनो, रात्रीअपरात्री रोग्याला घेऊन बोईसर-पालघर गाठणं किती जिवावर येतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या आरोग्य केंद्रातलं सिलिंडर भरलेलं आहे का, आणि रात्री त्याची चावी कोण फिरवतं?