ओसाड कोणी ठरविले?

खेड्यापाड्यांतील पडक्या घरांची कृष्णधवल छायाचित्रे काढण्याची आवड आपल्याकडे चांगलीच फोफावली आहे. प्रदर्शनांत, दिनदर्शिकांत, उपाहारगृहांच्या भिंतींवर ती सर्वत्र आढळतात. ढासळलेली कौले, एका बिजागरीवर लोंबणारे दार, ओसरीवर माजलेले गवत आणि खाली एखादाच शब्द : 'ओसाड', 'विस्मृत' किंवा 'परित्यक्त'. गाव कोणते, सन कोणता, घर कोणत्या कारणाने बंद पडले, याचा उल्लेख सहसा नसतो. ही चित्रे पुष्कळदा सुंदर असतात, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. आमचा आक्षेप त्यांच्या सौंदर्यावर नसून त्यांनी चोरपावलांनी देऊन टाकलेल्या निकालावर आहे.

'ओसाड' हे वरवर पाहता वर्णन वाटते. वस्तुतः तो निकाल आहे. मालक तेथे राहत नाही एवढ्यावरून त्याने घर टाकले असे कायदा मानीत नाही; हक्क सोडण्याचा त्याचा हेतू होता, हेही सिद्ध व्हावे लागते. छायाचित्रकार मात्र हा निकाल क्षणार्धात देतो, आणि तोही समोरच्या पक्षाला नोटीस न देता.

आम्ही डोकमर्डीकर, सिल्वासाच्या उंबरठ्यावर राहणारे लोक. आमच्या या मुलखात 'पडीक' हा शब्द किती जड आहे, हे आम्हांस विसरता येत नाही. पोर्तुगीज अमलात १९१९ च्या भूमिव्यवस्थेनुसार येथे 'अल्वारा' नावाच्या पट्ट्यांनी जमिनी दिल्या गेल्या. अट अशी की ठरलेल्या मुदतीत जमीन लागवडीस आणावी. ती पाळली गेली नाही म्हणून १९७४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी असे काही पट्टे रद्द केले. त्यावरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे २०२५ मध्ये पट्टेदारांच्या विरुद्ध निकाल लागला. जमीन पडीक ठेवली होती की नव्हती, या एका प्रश्नाने अर्धशतक खाल्ले. आणि आपला कलावंत तोच प्रश्न एका चित्रात सोडवून मोकळा होतो!

मग ही तथाकथित ओसाड घरे असतात तरी कोणती? आमच्या सीमेला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचे पाडे पाहा. भाताची कापणी-झोडणी उरकली की अनेक वारली व अन्य आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात कुडाच्या भिंतींवरचे लिंपण फुटते, दाराशी पाचोळा साचतो. फाल्गुनात आलेल्याला ते घर मेलेले दिसेल; आषाढात त्याच घराच्या छपरातून चुलीचा धूर निघत असतो. कोकणातल्या घरांचेही तेच. मुंबईच्या गिरणीत, गोदीत वा कचेरीत गेलेल्यांची ती घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. कुलूप हा तेथे मृत्यूचा दाखला नसून परत येण्याचा शब्द असतो.

गोव्यातील कुर्डीचे उदाहरण याहून बोलके आहे. मोगूबाई कुर्डीकरांच्या नावात अमर झालेले हे गाव साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांची जोती, विहिरी, भिंतींचे अवशेष वर येतात. त्याबरोबर छायाचित्रकारही येतात आणि भेगाळलेल्या चिखलाची, निष्पर्ण बुंध्यांची चित्रे घेऊन जातात. पण त्याच मे महिन्यात वाडे आणि वाळकिणी येथे वसविलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला तेथे जमतात आणि आपले घर कोठे होते ते नातवंडांना दाखवितात. धरणाखाली गेलेल्या गावाला 'काळाने गिळलेले' म्हणणे म्हणजे काळावर खोटा आरोप ठेवणे होय. ते गाव एका सरकारी निर्णयाने बुडाले. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण निर्णय माणसांनी घेतला, हे तरी चित्राखाली लिहावे.

गोव्यातील जुन्या बंद घरांची कथा आणखी गुंतागुंतीची. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने पतिपत्नींची समाईक मालकी आणि मुलांचा राखीव वाटा यांची परंपरा घालून दिली. त्यामुळे तीन पिढ्यांत एका घराला डझनांनी वारस होतात : कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, कोणी लंडनला. सर्वांच्या संमतीवाचून सबंध घर विकता येत नाही आणि दुरुस्तीचा भार एकटा कोणी उचलीत नाही. बल्कांव कोसळतो तो मालक नाही म्हणून नव्हे. मालक फार आहेत म्हणून! आणि अशा घरांवर डोळा ठेवणारेही आहेत. बनावट दस्तऐवजांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारींच्या तपासासाठी २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. दूरदेशी गेलेल्यांच्या आणि मृतांच्या मालमत्ता हे त्या टोळ्यांचे आवडते भक्ष्य होते. त्यांचे पहिले प्रतिपादन आणि आपल्या छायाचित्रकाराचे शीर्षक यांत फरक तो काय? दोघेही म्हणतात, 'येथे कोणी नाही.'

आता रंगांविषयी. घर नांदते आहे हे सांगणारे साक्षीदार बहुधा रंगच असतात : ओल्या शेणसड्याचा हिरवटपणा, तुळशीपुढील कुंकू, दारावरच्या तोरणातील झेंडू, नव्याने काढलेला गेरूचा पट्टा. कृष्णधवल चित्रात या साक्षीदारांना प्रथमच बाहेर काढले जाते. तांबडा जांभा आणि हिरवे पान तेथे पुष्कळदा एकाच करड्या छटेत उतरतात. भिंगावर लाल काच चढविली की निळे आकाश काळवंडते आणि भर दुपारी निवांत उभ्या असलेल्या घरावर प्रलय दाटून आल्याचा भास होतो. जे पंधरा वर्षांपूर्वी बंद पडले ते दीडशे वर्षांचे वाटू लागते. आणि इतक्या जुन्या दुःखाबद्दल कोणाला जाब विचारावा, असे प्रेक्षकाच्या मनात येतच नाही.

यावर उत्तर मिळेल की, आम्ही कलावंत आहोत, तलाठी नव्हे. चित्र म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे. युक्तिवाद चटकदार आहे, परंतु खुद्द कृष्णधवल छायाचित्रणाच्या इतिहासातच तो टिकत नाही. डोरोथिआ लँग हिने १९३८ मध्ये टेक्सासमधील चिल्ड्रेस परगण्यात एका रिकाम्या शेतघराचे चित्र घेतले. नांगराचे तास थेट घराच्या अंगणापर्यंत आले आहेत. माणूस दिसत नाही. पण चित्राचे नावच सांगते की या घरच्यांना ट्रॅक्टरने हुसकले. परगणा आहे, सन आहे, कारण आहे. त्यामुळे चित्राची कला उणावली काय? उलट ते तासच भयंकर वाटू लागतात. कृष्णधवल हा दोष नव्हे. मुकेपणा हा दोष आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक चित्राखाली गाव, महिना आणि सन द्यावा. घर बंद का आहे, हे शेजारच्या घरी विचारून एका ओळीत लिहावे : धरण, वाटणीचा वाद, वीटभट्टीचा हंगाम, जे असेल ते. मालकाचे नाव छापावे असे आम्ही म्हणत नाही. लबाडांना ते सोयीचेच होईल. आणि कारण कळलेच नाही, तर निदान 'ओसाड' हा शब्द लिहू नये, 'बंद' लिहावे. संपादकांनी आणि प्रदर्शनांच्या चालकांनी एवढी अट घातली, तर पुष्कळ चित्रे गळतील. जी उरतील ती उद्या एखाद्या वारसाच्या उपयोगी पडतील. साक्षीदाराने सुंदर बोलावे यास कोणाची हरकत नाही. पण न्यायाधीशाच्या आसनावर त्याने बसू नये.