दोन लाखाचा हत्ती दारात अन् बियाण्याचे पैसे गॅरेजात



तूर घरात आली, पराटी उपटणं चालू हाय, हरभऱ्याचे घाटे भरत हायेत. दोन पैसे हातात खुळखुळले की आपल्या तिवसा भागात दरवर्षी याच दिवसांत एक साथ येते, जुन्या चारचाकीची. या पंधरा दिवसांत पाच-सहा जणांनी मले विचारलं, "भाऊ, दीड-दोन लाखात कोणती गाडी घेऊ?" विचारतात लहान गाडीचं, अन् मोबाईलवर फोटो दाखवतात तो बारा-तेरा वर्षं जुन्या, मोठ्या डिझेल गाडीचा! म्हणून आज वावराची नोंद बाजूला ठेवतो. काहींना झोंबेल, झोंबू द्या.

माझं म्हणणं सरळ हाय. बजेट दोन लाखाच्या आत असेल तर कास्तकारानं लहान पेट्रोल गाडीच घ्यावी, अन् तीही अशी, की जी तालुक्याचा मिस्त्री डोळे मिटून उघडतो. बाकी सगळी हौस हाय, अन् हौसेचं बिल जूनमध्ये येते, नेमकं बियाणं-खत घ्यायच्या टायमाले.

पहिला युक्तिवाद असा, की "डिझेल स्वस्त पडते." कागद-पेन घ्या. आपली गाडी वर्षाला किती चालते? अमरावती, दवाखाना, लग्नकार्य, बाजार धरून ६,००० किलोमीटर धरा. पेट्रोल १०५ रुपये अन् डिझेल ९२ रुपये लिटर धरा. लहान पेट्रोल गाडी लिटरला १८ देते, म्हणजे वर्षाचा खर्च ३५,००० रुपये. जुनी मोठी डिझेल गाडी १२ देते, म्हणजे ४६,००० रुपये. डिझेल स्वस्त, पण गाडी ११ हजारानं महाग! आता कोणी म्हणेल, लहान डिझेल घेतो, ती २० देते. बरोबर, तिचा खर्च २७,६००. वर्षाला साडेसात हजाराच्या आत बचत. पण एकदा का टर्बो किंवा इंजेक्टर बसले, की ती दोन-तीन वर्षांची बचत एका दुपारी जाते. डिझेल परवडते रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्याले. आपली गाडी चार दिवस गोठ्याजवळ उभी राहते.

दुसरा युक्तिवाद, "आपल्या रस्त्याले मजबूत गाडी पाह्यजे." राजेहो, काळ्या मातीची पांदण जुलैत कोणाचीच नसते. दीड-पावणेदोन टनाची गाडी फसली तर ट्रॅक्टर बोलवावा लागते. सातशे-साडेसातशे किलोची आल्टो फसली तर चार पोट्टे ढकलून काढतात. आल्टोचं पोट जमिनीपासून १६० मिलिमीटर उंच हाय, वॅगन आरचं १६५. पाणंद सुकली की दोन्ही निघतात, ओली असली की दोन्हींनी जाऊ नये. ज्याच्या घरी आठ-दहा माणसं हायेत, त्याची गरज वेगळी. त्यानं मोठी जरूर घ्यावी, पण मग बजेटही मोठं ठेवावं.

तिसरा युक्तिवाद कोणी तोंडानं बोलत नाही. "सोयरिकीले चाललो तर दारात काय उभं दिसते?" याले माझं उत्तर एवढंच, की बंद पडलेली मोठी गाडी सगळ्यात मोठी दिसते.

मग घ्यावी कोणती? ज्यांचे पार्ट तालुक्यात मिळतात त्या. आल्टो ८००, आल्टो के-टेन, २०१० नंतरची ९९८ सीसीची वॅगन आर, आय-टेन, अन् बजेट थोडं ताणलं तर २०१६ नंतरची टियागो. त्यातही गिअर हातानं टाकायचेच घ्या. आपोआप गिअरची जुनी गाडी बिघडली तर जिल्ह्याच्या ठिकाणीच न्यावी लागते. आल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात टायमिंगचा पट्टा असते, के-टेनच्या इंजिनात चेन. पट्टा असला तर कधी बदलला ते विचारा. उत्तर नसलं तर बदलायचाच हाय असं समजून किंमत पाडा.

शेवरोलेनं २०१७ च्या शेवटी आपल्या देशात गाड्या विकणं बंद केलं, फोर्डनं २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली. या गाड्या बाजारात स्वस्त दिसतात. गाड्या वाईट नव्हत्या. पण ज्या वाणाचं बियाणं पुढच्या साली मिळणार नाही, ते वाण आपण पेरतो काय?

आता खरी चीड ज्याची येते ते सांगतो. बैलजोडी घ्यायले गेलो तर आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जुवाखाली धरून पाहतो, चार माणसं सोबत नेतो. शिंगाले तेल लावलं म्हणून कोणी भुलत नाही. अन् दोन लाखाची गाडी घेताना? डॅशबोर्डवर चमक मारलेली दिसली, "एक हाती गाडी हाय, डॉक्टरसाहेबांची" एवढं ऐकलं, की टोकन देऊन मोकळे! विकणाऱ्याले दोष देऊन काय फायदा? तो त्याचा धंदा करते. आपण आपली अक्कल घरी काहून ठेवून जातो?

पाहायचं ते असं. सकाळी जा अन् आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन आपल्या हातानं चालू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. थंडीत थोडी पांढरी वाफ चालते, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर पाणी आत चाललं. ऑइलचं झाकण उघडा. आत सायीसारखा थर लागला असेल तर तिथूनच राम राम करा.

मग एसी लावून वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. पंखा फिरते काय, काटा वर जाते काय, ते पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाते. पुण्याच्या हवेत दहा वर्षं बिनतक्रार चाललेला रेडिएटर वऱ्हाडच्या उन्हात आठ दिवसांत उघडा पडते.

किलोमीटरच्या आकड्यावर भरोसा ठेवू नका, तो मागे फिरवता येते. पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हरची सीट खरं बोलते. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आकडा ३० हजार किलोमीटरचा अन् टायर तिसऱ्या जोडीचे, हे जमत नाही.

पुराची गाडी ओळखा. २३ सप्टेंबर २०२३ ले नागपुरात अंबाझरी ओसंडला अन् रातोरात गाड्या पाण्यात गेल्या, हे सगळ्यांनी पाह्यलं. अशा गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाले गाळाचा डाग दिसते. गालिचा उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. बॉनेटच्या नटावर पान्याचे ओरखडे अन् खांबाजवळ नवं वेल्डिंग दिसलं, की समजा गाडी ठोकली होती. दोनशे-पाचशे रुपये देऊन आपला मिस्त्री सोबत न्या. विकणारा त्याले हात लावू देत नसेल, तर उत्तर मिळालं.

कागदाचं तर लय मनावर घ्या. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं म्हणजे गाडी नावावर झाली, हा गैरसमज गावोगावी हाय. नाव लागते ते आरटीओत, २९ अन् ३० नंबरच्या फॉर्मवर. कर्ज असलं तर बँकेचा ना-हरकत दाखला अन् ३५ नंबरचा फॉर्म पाह्यजे. परराज्यातली असली तर तिथली एनओसी, अन् वरून आपल्या राज्याचा रोड टॅक्स. दिल्लीत १० वर्षांवरचं डिझेल अन् १५ वर्षांवरचं पेट्रोल चालवायले कोर्टानं बंदी घातली, तेव्हापासून तिकडच्या स्वस्त गाड्यांचे फोटो आपल्या ग्रुपवर फिरतात. टॅक्स धरून हिशोब केला की स्वस्ताई संपते. सौदा करायच्या आधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कर्जाचा बोजा, विमा, बरंच काही दिसते. ई-चलानची बाकीही तपासा. अन् विकणाऱ्यांनोही ऐका: फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी दिली अन् नाव तसंच ठेवलं, तर दुसऱ्याच्या ठोकरीत आपलं वावर जाऊ शकते.

वयही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०११-१२ ची गाडी आज घेतली, की लगेच नूतनीकरण आलं: एप्रिल २०२२ पासून कारचे ५,००० रुपये, वरून पर्यावरण कर. अन् जमत असेल तर जुलै २०१९ नंतर बनलेली घ्या. तेव्हापासून प्रत्येक गाडीले ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस ब्रेक त्याच वर्षी एप्रिलपासून. आपलं तिवसा नागपूर-अमरावती हायवेवर हाय. ट्रकांच्या मधून लेकरंबाळं घेऊन जायचं हाय, हे म्युझिक सिस्टिम पाहताना ध्यानात ठेवा.

शेवटचं, भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी आल्टो के-टेन शोरूमले पावणेचार लाखाच्या आत सुरू झाली. तरी २०१६ च्या आल्टोचे कोणी अडीच-पावणेतीन लाख मागत असेल, तर त्याले हा आकडा सांगा अन् चहा पिऊन निघा. दोन लाख असतील तर गाडी एक लाख सत्तरपर्यंतचीच पाहा. तीस हजार टायर, बॅटरी, ऑइल, विमा अन् नाव बदलायले राखून ठेवा. पीक कर्जाच्या पैशाले तर हात लावूच नका. ते पैसे पेरणीचे हायेत.

बैल उपाशी ठेवून घोडं पोसायची ऐपत आपली नाही, राजेहो. ज्यांचं मत वेगळं हाय त्यांनी खाली जरूर लिहावं, पण गाडीच्या फोटोसोबत मागच्या एका वर्षाचं गॅरेजचं बिलही टाकावं. मग बोलू.