वेदनेची निकड, पुराव्याची कसोटी

डोकेदुखी ही आपल्याकडे काम टाळण्याची सर्वमान्य सबब समजली जाते. परंतु 'क्लस्टर हेडेक' या नावाने वैद्यकशास्त्र जिला ओळखते, त्या व्याधीपुढे अशी थट्टा क्रूर ठरते. हजारांतून सुमारे एकाला गाठणारी ही व्याधी एकाच डोळ्याभोवती भोसकल्यासारखी वेदना उठविते. एकेक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत टिकतो आणि दिवसातून ८ वेळाही येऊ शकतो. बहुतेकांना मध्ये काही महिन्यांची उसंत मिळते. काहींना तीही लाभत नाही, आणि त्यांतील थोड्यांवर तर कोणतेच औषध चालत नाही. त्यांच्यासाठी मेंदूतच विद्युत्प्रवाह सोडण्याचा उपाय पुढे आला.

हा उपाय निराधार नव्हता. लंडनमधील संशोधकांनी १९९८ साली झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा हायपोथॅलॅमसच्या मागील भागात विशेष क्रिया आढळली. शरीराचे घड्याळ सांभाळणारे केंद्र हायपोथॅलॅमसमध्येच असते; झटके ठरल्या वेळी का येतात, याचाही काहीसा उलगडा त्यामुळे झाला. मिलानच्या कार्लो बेस्ता संस्थेत २००० साली तेथे इलेक्ट्रोड बसविण्यात आला आणि आरंभीचे अनुभव आशादायक ठरले.

परंतु आशा म्हणजे पुरावा नव्हे. बेल्जियममध्ये एक रुग्ण याच शस्त्रक्रियेत मेंदूतील रक्तस्रावाने दगावला. फ्रान्समधील ११ रुग्णांवरील चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत एक महिना प्रवाह चालू व एक महिना बंद ठेवला होता. कोणत्या महिन्यात काय, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन्ही महिन्यांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे सर्वांना उघडपणे प्रवाह दिल्यावर मात्र ६ जणांचे झटके निम्म्याहून कमी झाले. एक महिना अपुरा होता, की व्याधीचा स्वाभाविक चढउतारच उपचाराच्या खाती जमा झाला? इतक्या लहान चाचणीतून याचा निर्णय लागत नाही.

आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलेल्या रुग्णाला पुराव्यासाठी थांबावयास सांगणे निर्दयपणाचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. तथापि वेदनेने गांजलेला मनुष्य कोणत्याही कागदावर सही करतो. म्हणूनच केवळ त्याची संमती हे पुरेसे संरक्षण ठरू शकत नाही. ती जबाबदारी वैद्यांनीच उचलली पाहिजे. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिल्याने झटका शमतो, हे २००९ सालच्या चाचणीत स्पष्ट झाले आहे: १५ मिनिटांत ७८ टक्के झटक्यांत आराम पडला, साध्या हवेने केवळ २० टक्क्यांत. कवटी न उघडता मानेमागील मज्जातंतूला प्रवाह देण्याचा मार्गही उपलब्ध आहे. या पायऱ्या चढून झाल्यावरच मेंदूला हात घालावा. आणि घातला, तर प्रत्येक रुग्णाचे यशापयश उघडपणे नोंदवावे. असह्य वेदनेवरील उपचाराला पुराव्यातून सूट देणे म्हणजे करुणा नव्हे. सर्वांत असहाय रुग्णावर सर्वांत मोठी जोखीम लादणे होय.