दर्पणपेशींची साक्ष आणि रसविचार

रससिद्धांत आता मेंदूविज्ञानानेच सिद्ध केला आहे, असे विधान रसचर्चेत अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. त्याचा आधार म्हणजे ‘मिरर न्यूरॉन’ ऊर्फ दर्पणपेशी. इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मकाक माकडांच्या मेंदूतील काही चेतापेशींविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. माकडाने स्वतः वस्तू उचलली की या पेशी उद्दीपित होत. प्रयोगकर्ता ती उचलताना दिसला, तरीही होत. एवढ्या निरीक्षणावरून थेट साधारणीकरणापर्यंत उडी घेतली जाते : नटाचा शोक प्रेक्षकाच्या मेंदूत प्रतिबिंबित होतो, म्हणून करुण रस!

या उडीत दोन गफलती आहेत. पहिली पुराव्याची. वस्तू पकडण्याच्या क्रियेविषयीचा निष्कर्ष शोकाच्या आस्वादाला जसाच्या तसा लावता येत नाही. मानवी मेंदूच्या एफएमआरआय प्रतिमाही चेतापेशींचे कार्य थेट दाखवीत नाहीत. रक्तातील प्राणवायूशी निगडित असा, काही सेकंदांनी होणारा बदल त्या टिपतात. शिवाय मेंदूचा एकच भाग अनेक मानसिक व्यापारांत सहभागी असतो. तो भाग उजळला म्हणून अमुकच भावना जागी झाली, या उलट्या अनुमानातील धोका रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्येच दाखवून दिला होता.

दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. कारण ती समीक्षेच्या स्वतःच्या घरातली आहे. दुसऱ्याचा शोक प्रेक्षकात तसाच उमटणे म्हणजे रस, हे अभिनवगुप्ताचे मत नव्हेच. भाव केवळ स्वतःचा किंवा केवळ परक्याचा वाटणे, याची गणना तो रसविघ्नांत करतो. व्यक्ती, देश आणि काळ यांची बंधने गळून पडल्याखेरीज रसचर्वणा संभवत नाही. अनुकरणावर उभे असलेले शंकुकाचे मत तर तो भट्टतौताच्या आधारे सविस्तर खोडून काढतो. तेव्हा दर्पणपेशींची साक्ष ग्राह्य धरलीच, तर ज्याच्या बाजूने ती काढली जाते त्याच्याच विरुद्ध ती जाते.

चेतासंस्थेवाचून आस्वाद नाही, हे कोणी नाकारीत नाही. परंतु प्रयोगशाळेत ‘आस्वाद’ म्हणून नेमके काय मोजायचे, हे आधी संकल्पनांच्या पातळीवर ठरवावे लागते, आणि तेथे समीक्षेला विज्ञानाशी बरोबरीच्या नात्याने बोलता येईल. ते कष्ट टाळून प्रतिष्ठेसाठी विज्ञानाची मोहर उसनी आणणाऱ्याने ना प्रयोग नीट वाचलेला असतो, ना ‘अभिनवभारती’.