उत्पन्नाचा दाखला कुणी कुणाला मागायचा?

बाळ पोटात असतानाच आशाताईंनी माझं नाव नोंदवून घेतलं. माता-बाल संरक्षण कार्ड हातात ठेवलं आणि मातृवंदना योजनेचा फॉर्म काढत विचारलं, "मॅडम, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे ना?" नाही म्हटल्यावर फॉर्म परत पिशवीत गेला. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत तो बहुतेक घरांतून असाच परत जात असावा. सासूबाईंना मात्र हे काही पटलं नाही. "अगं, पाच हजार म्हणजे पाच हजार. तुम्ही दोघं कर भरता ना? मग?"

हा 'मग' वाटतो तितका भाबडा नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००, जन्माची नोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्या की उरलेले २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांशिवाय दारिद्र्यरेषेखालच्या, ई-श्रम कार्ड असलेल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि आणखी काही गटांतल्या स्त्रियांना ती मिळते. पण तिच्यामागे जो कायदा उभा आहे, तो २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, त्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये द्यायचं म्हटलंय. तिथे उत्पन्नाची अट नाही. वगळलंय ते फक्त सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांत कायम नोकरीला असलेल्यांना आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली तसाच लाभ घेणाऱ्यांना. सहाचे पाच आणि 'प्रत्येक'चे 'आठ लाखांच्या आत' हे पुढे योजना आखताना झालं.

मला हे पैसे मिळाले नाहीत ते बरोबरच आहे. मला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, तेव्हा कायद्यानेही मी वगळलेलीच. पण माझ्या ओळखीची एक आर्किटेक्ट आहे, नेरूळला स्वतःचं काम करते. नवऱ्याचा पगार धरून दोघं आठ लाखांच्या बरीच वर. तिला रजा द्यायला कुणी मालक नाही. सातव्या महिन्यात साइटवर जाणं थांबलं तशी बिलंही थांबली. कायद्याच्या शब्दांत ती बसते, योजनेच्या चौकटीत नाही. आणि कमाई बंद पडलेल्या वर्षी तिच्यापुढे दाखला येतो तो आधीच्या भरल्या वर्षाचा.

इंग्लंडमध्ये हाच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. स्लावला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने तो मला फोनवर समजावला. तिथला बालक भत्ता आधी सगळ्यांना देऊ करतात. जास्त कमावणाऱ्यांकडून नंतर करातून परत घेतात. २०१३ पासून ही मर्यादा ५० हजार पौंडांची होती, एप्रिल २०२४ पासून ६० हजारांची झाली, आणि ८० हजारांवर सगळाच भत्ता परत जातो. हिशोब त्या-त्या करवर्षाच्या कमाईचा, त्यामुळे बाळंतपणाच्या रजेत पगार घसरला तर एरवी मर्यादेबाहेर असलेली आईसुद्धा त्या वर्षापुरती आत येते. दोघांपैकी ज्याची कमाई जास्त, ती धरतात. म्हणजे एकटा ८० हजार कमावत असेल तर घराला काही उरत नाही आणि दोघं ५९-५९ हजार कमावत असतील तर सगळं मिळतं. हा वेडेपणा आहेच. पण पैसे नको असले तरी फॉर्म भरून ठेव, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. घरी राहून मूल वाढवणाऱ्या आईची ती वर्षं त्या फॉर्ममुळे सरकारी पेन्शनसाठी मोजली जातात.

मुलाचा खर्च कुणाचा, हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण हे सरकारचं काम आहे, असं मांडलं. स्त्रियांच्या कामातून मालकाला फायदा होतो, म्हणून त्याच्यावर भार टाकणंही त्यांना गैर वाटलं नाही. १९२९ मध्ये कायदा झाला तो मालकावर भार टाकूनच. १९६१ चा कायदा, २०१७ ची दुरुस्ती, आता सामाजिक सुरक्षा संहिता, सगळीकडे तेच राहिलं. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी कर्मचारी राज्य विमा आहे. त्याच्या वरच्या बाईची रजा सर्वस्वी कंपनीच्या खिशातून. सरकारचा त्यात एक रुपया नाही, उलट त्या रजेच्या पगारावरही टीडीएस कापला जातो. मुलाखतीत 'लग्न कधी झालं' हे इतक्या सहज का विचारलं जातं, ते कळायला फार लांब जावं लागत नाही.

मग माझ्यासारखीला सरकार काहीच देत नाही का? देतं की! मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं काढायला वाशीच्या पोस्टात गेले. आधार, जन्मदाखला, पॅन, फोटो घेतले. उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही. खातं २५० रुपयांतही उघडतं, पण वर्षाला दीड लाख भरता आले आणि जुन्या करपद्धतीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलात, तर सेससकट ४६,८०० रुपये कर वाचतो, तोही दरवर्षी. व्याज करमुक्त. घरकाम करून महिन्याला काही हजार मिळवणारी बाईही हेच खातं काढू शकते, फक्त तिला करच नसल्यामुळे वाचायचं काही नसतं. तिच्या वाट्याला मातृवंदनेचे पाच हजार, तेही आधार खात्याला नीट जोडलेलं असेल तर.

सासूबाईंना मी हे आकडे कागदावर मांडून दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुला आशाताईंपेक्षा पोस्टानंच जास्त दिलं की."