टक्केवारीच्या पलीकडचा विद्यार्थी

पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत न्यावे, तर पालकांच्या वाट्याला अनेकदा एकच सल्ला येतो : ‘याला विशेष शाळेत घाला, तिथे जास्त लक्ष देतील.’ सल्ला मायेचा वाटतो. पण तो नकारच असतो.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा वेगळे सांगतो. कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. तिथे ४० टक्क्यांची अट नाही. ती अट येते कलम ३१ मध्ये, ६ ते १८ वर्षांच्या मुलांच्या मोफत शिक्षणासाठी. त्यातही जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाची आहे, शाळेची नाही.

सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी हानी मोजते. मुलाला वर्गात काय लागेल, हे सांगत नाही. चालायला त्रास असेल तर तळमजल्यावरचा वर्ग, कमी ऐकू येत असेल तर पुढचा बाक, अध्ययन अक्षमता असेल तर परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक. यांतल्या कित्येक गोष्टींना पैसा लागतच नाही.

म्हणून डॉक्टरांनी आकड्यासोबत शाळेसाठी चार ओळीही लिहून द्याव्यात. आणि मुख्याध्यापकांनी ‘किती टक्के?’ याआधी ‘काय लागेल?’ हे विचारावे.