पात्रता माणसाची की रेशनकार्डाची?

हिंजवडी म्हटले की काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. त्या काचा पुसणारे, फाटकावर रात्र काढणारे, कँटीनमध्ये भांडी घासणारे कंत्राटी कामगार मात्र कुणाला दिसत नाहीत. त्यांच्या घरातले म्हातारे आईबाप आणि अपंग भावंडे तर त्याहून दिसत नाहीत. ही माणसे सरकारी आरोग्य विम्यास पात्र आहेत काय? कागदावर बहुतेक आहेत. मग आमची तक्रार काय? ती एवढीच की, ही माणसे कुणाची तरी म्हणून पात्र ठरतात. स्वतः नागरिक म्हणून नव्हे.

ईएसआयचेच पाहा. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा कामगार या विम्यात आला. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. पण कंत्राट संपले किंवा पगार मर्यादेपलीकडे गेला की, ठरावीक मुदतीनंतर त्याच्याबरोबर आईबापांचेही छत्र जाते. भावाच्या घरी राहणारी सज्ञान अपंग बहीण तर त्याच्या 'कुटुंबा'च्या व्याख्येतच बसत नाही.

महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व रेशनकार्डधारकांना खुली केली आणि संरक्षण ५ लाखांवर नेले. निर्णय स्वागतार्हच आहे. पण हे ५ लाख वर्षाला अख्ख्या कुटुंबाचे. एकाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्कम खर्ची पडली की उरलेल्यांनी आजारीच पडू नये, असा याचा अर्थ! आणि मुलगा वेगळा निघून कार्ड फुटले, म्हातारीचे नाव कुठल्याच कार्डावर राहिले नाही, तर तिला अधिवासाच्या दाखल्यासाठी हेलपाटे मारावे लागतात.

व्यक्तीला विमा देता येत नाही काय? येतो. केंद्र सरकारनेच २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड देणे सुरू केले. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर या वृद्धांसाठी ५ लाख वेगळे ठेवले. मग ही रेषा सत्तरीवरच का? २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा साठीला ज्येष्ठ म्हणतो. साठीला फाटकावरून घरी बसवलेल्या रखवालदाराने दहा वर्षे कुठे जायचे?

अपंगांचे तर विचारूच नका. २०१६ च्या कायद्याचे कलम २४, इतर कोणत्याही सरकारी विम्यात नसलेल्या अपंगांसाठी सर्वंकष विमा योजना करण्यास सांगते. त्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मात्र १ लाखाची 'निरामय' योजना राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या चारच प्रकारांपुरती आहे. अंध, कर्णबधिर, पायाने अधू माणसांनी काय करायचे? 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हे शब्द कायद्यात आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. पण सत्तरीच्या वृद्धांसाठी जी क्षमता सापडली, ती अपंगांच्या दारात येताच कशी आटते?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्याच घटनेचे कलम ४१ वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे. वयाची रेषा साठीवर आणा. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या प्रत्येकास, वय न पाहता, स्वतःच्या नावाचे स्वतंत्र कार्ड द्या.

तोवर हिंजवडी, माण, मारुंजीच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन सत्तरी ओलांडलेल्यांची कार्डे काढून द्यावीत आणि नाकारलेल्यांची कारणे लेखी मागावीत. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे अवघड असते. लेखी नकार कोर्टात उभा करता येतो.